आभासी संगणक मंद का पडतो?

समजा, एखाद्या महाविद्यालयाने प्रवेश-अर्ज भरण्याची सोय क्लाऊडवरच्या संगणकावर केली आहे. सकाळी दहाला अर्ज स्वीकारणे सुरू होते. पहिले दोन-अडीच तास सारे सुरळीत चालते. दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास मात्र पान उघडेनासे होते. मुले आणि पालक तेच बटण पुनःपुन्हा दाबू लागतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते, आणि पाच वाजता तर मुदत संपायची असते. अशा वेळी 'मोठे मशीन घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. तो कधी बरोबर असतो, पुष्कळदा नसतो. आणि चुकला तर पैसेही जातात व अर्जही अडकून राहतात.

क्लाऊडवर आपण भाड्याने घेतो ती स्वतंत्र पेटी नसते. एका मोठ्या संगणकाचे हायपरव्हायजर नावाच्या प्रोग्रॅमने अनेक वाटे पाडलेले असतात आणि प्रत्येक वाटेकऱ्याला आपलाच पूर्ण संगणक आहे असा भास करून दिलेला असतो. म्हणून त्याला आभासी संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडांसारखीच ही रचना. खोल्या वेगळ्या, पण विहीर एकच. कल्पनाही नवी नाही. आय. बी. एम. कंपनीने १९७२ सालीच 'व्हीएम/३७०' ही अशी प्रणाली जाहीर केली होती. ॲमेझॉनने २००६ साली असे संगणक तासाच्या भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि मग ही गोष्ट सर्वांच्या आवाक्यात आली.

आता वरच्या पाऊण वाजताच्या कोड्याकडे वळू. स्वस्त यंत्रांना प्रोसेसर पूर्ण वेळ मिळत नाही, शिल्लक ठेवून मिळतो. ॲमेझॉनने २०१४ साली आणलेल्या टी-२ मायक्रो या यंत्राचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिटभर पूर्ण प्रोसेसर. यंत्राला तासाला ६ क्रेडिट मिळतात, म्हणजे कायमचा हक्क फक्त १० टक्के. न वापरलेली क्रेडिटे साठतात, पण १४४ च्या वर नाही. ज्यांच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येते त्यांना हे टाकीचे गणित समजावून सांगायला नको. पूर्ण वेगाने चालणारे यंत्र तासाला ६० क्रेडिट खर्च करते आणि ६ मिळवते. टाकी ५४ ने उतरते. १४४ ला ५४ ने भागा. उत्तर येते २ तास ४० मिनिटे! दहाला भरलेल्या टाकीने सुरुवात केली तर बाराला चाळीस मिनिटे होताना ती कोरडी पडते आणि यंत्र १० टक्क्यांवर येते. प्रोग्रॅममध्ये कोणतीही चूक नसते, यंत्रही बिघडलेले नसते. येथे खरा उपाय दोन प्रकारचा: शिल्लक संपल्यावर जादा पैसे देऊन वेग चालू ठेवण्याची सोय घ्यावी, किंवा त्या आठवड्यापुरते ज्याला टाकीच नाही असे कायम वेगाचे यंत्र घ्यावे. वर्षाचे उरलेले दिवस मात्र स्वस्त यंत्रच शहाणपणाचे.

लिनक्समध्ये 'टॉप' ही आज्ञा दिली की प्रोसेसरचा वेळ कुठे गेला ते दिसते. त्यात 'एसटी' असा एक आकडा असतो. आपल्या लाल गाडीशी त्याचा संबंध नाही, पण वाट पाहण्याशी आहे! आपले यंत्र काम करायला तयार होते, पण खरा प्रोसेसर हायपरव्हायजरने दुसऱ्या बिऱ्हाडाला दिला होता, तो हा वेळ. शिल्लक संपलेल्या यंत्रातही हाच आकडा चढतो, तेव्हा आधी शिल्लक पाहावी. शिल्लक भरपूर असूनही तो चढलेलाच राहिला तर शेजारी दांडगा आहे असे समजावे. येथे यंत्र नुसते रीबूट करून भागत नाही, कारण ते त्याच जागी राहते. पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केले तर बहुधा दुसऱ्या वाड्यात जागा मिळते.

डिस्कची टाकी वेगळी असते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ॲमेझॉनच्या जीपी-२ डिस्कला दर गिगाबाइटमागे सेकंदाला ३ वाचन-लेखनांचा हक्क असतो, कमीत कमी १००. गर्दीत ती ३,००० पर्यंत धावू शकते, पण ५४ लाखांच्या साठ्यातून. २० गिगाबाइटची डिस्क पूर्ण वेगाने चालवली तर हा साठा सुमारे अर्ध्या तासात संपतो आणि वेग ३,००० वरून १०० वर कोसळतो. त्या वेळी प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. 'टॉप'मधील 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा दिसतो तो याच प्रतीक्षेचा. अशा वेळी मोठा प्रोसेसर घेणे म्हणजे तव्यावर जागा नसताना पोळ्या लाटायला आणखी एक माणूस बसवणे. २०२० साली आलेल्या जीपी-३ डिस्कला आकार कितीही असो, ३,००० चा वेग कायम मिळतो. नुसत्या या बदलाने अडलेली कामे सुटतात.

मेमरी अपुरी पडली तर यंत्र तिच्यातील मजकूर डिस्कवर ठेवू लागते आणि डिस्कची टाकी त्यातच रिती होते. तेव्हा डिस्कला दोष देण्याआधी मेमरी पाहिलेली बरी. नेटवर्कबाबत एवढेच, की काचतंतूतून प्रकाशाला दर हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात आणि ते कोणतेही यंत्र घेऊन कमी होत नाहीत. आपले अर्जदार इथले असतील तर संगणक अमेरिकेत ठेवू नये. ॲमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ पासून आणि हैदराबादेतील २०२२ पासून आहेत.

राहिला 'यूएस' हा आकडा. बाकी सारे शून्याजवळ आणि हा एकटा शंभराकडे झुकलेला असेल, तर प्रोसेसर आपलेच काम करीत आहे. मग ते काम काय आहे ते पाहावे. अनेकदा आढळते ते असे: विद्यार्थ्याने आपला अर्ज-क्रमांक घातला की प्रोग्रॅम सगळ्या अर्जांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो, कारण डेटाबेसमध्ये त्या रकान्याची अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, केलेलीच नसते. शंभर अर्जांपर्यंत हे कळत नाही, वीस हजारांवर कळते. ती अनुक्रमणिका एका ओळीच्या आज्ञेने करता येते आणि यंत्र आहे तेच राहते.