धर्मादायाचा रकाना

आमच्या आईला हिशेब लिहिण्याचे वेड होते. रात्री जेवणे उरकून ओटा पुसला, की ती आपली लांबोडकी वही घेऊन दिव्याखाली बसे. वाणी, दूधवाला, भाजी, औषधे असे रकाने आणि अगदी शेवटी 'धर्मादाय'. दारी आलेल्या वासुदेवाला दिलेला रुपयासुद्धा त्यात नोंदलेला असे. आम्ही भावंडे थट्टा करीत असू, "आई, देवाला दाखवायची आहे का ही वही?" ती म्हणे, "दाखवायची कुणालाच नाही. पैसे कुठं गेले ते आपल्याला ठाऊक असावं."

ते तिला ठाऊक नाहीसे झाले, हे प्रथम त्या वहीनेच आम्हांला सांगितले. एका दिवाळीच्या महिन्यात दूधवाल्याचे पैसे एकाच पानावर सात वेळा मांडलेले होते. साठी बुद्धी नाठी, असे म्हणून आम्ही हसलो. पुढल्या वर्षी तिने फराळाचे सामान चारदा आणवले. त्याच्या पुढल्या वर्षी ती मला 'भाऊजी' म्हणू लागली. मग डॉक्टरांनी नाव सांगितले : अल्झायमरचा स्मृतिभ्रंश. त्यानंतर सहा वर्षांनी ती गेली.

गेल्या भाऊबीजेला ताई आली, तेव्हा आईच्या पोस्टातल्या पैशांचा विषय निघाला. ते तिच्या नावाने कुठेतरी द्यायचे, हे ठरलेलेच होते. ताई म्हणाली, "ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांना रात्रीची बाई ठेवणंही परवडत नाही. शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या संस्थेला देऊ."

"आणि संशोधनाला?" मी विचारले.

दुधाचा हिशेब मीच सात वेळा मांडला होता, अशा नजरेने ताईने माझ्याकडे पाहिले. "कसलं संशोधन?"

"मेंदूतल्या पेशींचं."

"अरे, शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे होती. तिची वेणी मी घातली. तुझ्या पेशी नाही आल्या मदतीला!"

तिचे खरे होते. शिवाय मराठी शिकवणाऱ्या माणसाने पेशींची वकिली करावी, हेही चमत्कारिकच. पण आईच्या आजारपणात आमच्या महाविद्यालयातले जीवशास्त्राचे प्राध्यापक मला चहाबरोबर थोडे थोडे शास्त्र पाजीत असत. तेच मी ताईला सांगितले.

ज्यांचे नाव या रोगाला मिळाले, ते आलोइस अल्झायमर हे जर्मन डॉक्टर. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात त्यांच्यापुढे ऑगस्टे डेटर नावाची बाई आली. वय अवघे ५१, म्हणजे आज ताईचे आहे तेवढेच. नवऱ्याचे नाव विचारले, तर ती स्वतःचेच नाव सांगे. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर डाग आणि आत धाग्यांचा गुंता दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. म्युनिकच्या ज्या चिकित्सालयात हे काम झाले, तेथे अल्झायमर आरंभी बिनपगारी होते. त्यांची पत्नी श्रीमंत घरची. ती १९०१ मध्येच निवर्तली आणि तिच्या मागे राहिलेल्या पैशावर यांचे चालले. म्हणजे या रोगाच्या संशोधनाला पहिली देणगी मिळाली, ती एका गेलेल्या बाईच्या शिलकीतून!

ताई आता ऐकू लागली होती.

गुंता दिसला, पण तो साचतो का? आमचे प्राध्यापक म्हणत, पेशी हे एक घर समजा. घरात रोज केर होतो. पेशीत मोडक्या प्रथिनांचा होतो. पेशी तो केर पिशवीत गुंडाळते, आम्ल भरलेल्या कप्प्यात नेऊन जिरवते आणि कामाचे तुकडे पुन्हा वापरते. कातडीच्या पेशी जुन्या झाल्या की नव्या येतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींना मात्र जन्मभर त्याच घरात राहायचे असते. उतारवयात ही झाडलोट मंदावते आणि डाग व गुंता साचण्यामागे हेही एक कारण असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते.

या झाडलोटीचे रहस्य उलगडण्यात मोठा वाटा जपानच्या योशिनोरी ओसुमी यांचा. १९८८ साली टोकियोत त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आणि ते पाहत बसले काय, तर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या उपाशी ठेवलेल्या पेशी! स्मृतिभ्रंश त्यांच्या मनातही नव्हता. २०१६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेच्या आधारे त्यांनी २०१७ मध्ये मूलभूत संशोधनाला मदत करणारी संस्था काढली, कारण अशा कामाला पैसा मिळणे किती कठीण, हे त्यांना ठाऊक होते.

"पण औषध निघालं ना रे आता?" ताईने विचारले.

निघाले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेने लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता दिली. ते डाग पुष्कळसे पुसते. पण १८ महिन्यांच्या चाचणीत रोगाची घसरण सुमारे पाव हिश्श्यानेच मंदावली, थांबली नाही. पेशीच्या आत बिघडते काय, हे नीट कळल्यावाचून पुढचे पाऊल पडणे अवघड.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आपली माणसे मोजणाऱ्या त्या पाहणीलाही अमेरिकेच्या सरकारी संस्थेने पैसा पुरवला. इकडेही देणारे आहेत. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्रासाठी इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी क्रिस गोपालकृष्णन यांनी २२५ कोटी रुपये देऊ केले. पण देवळाच्या पायरीवर नाव दिसते, अन्नदानाची पंगत दिसते. पेशीला दिलेला पैसा कुठे दिसत नाही. तो दिसेल तेव्हा आपण असूच असेही नाही.

ताई बराच वेळ गप्प होती. चहा निवून गेला. मग तिने कपाटातून आईची वही काढली. शेवटची काही पाने कोरीच होती.

"निम्मे निम्मे," ती म्हणाली. "आजच्या माणसांना आधी, त्यात मी तुझं ऐकणार नाही." आणि धर्मादायाच्या रकान्यात तिने लिहिले : शुश्रूषा, निम्मे. त्याखाली : पेशी, निम्मे.

लेखणी खाली ठेवून तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग वही माझ्याकडे सरकवीत हळूच म्हणाली, "बघ रे जरा. दोनदा तर नाही ना लिहिलं मी?"