लहान ट्रॅक्टरला मागाहून केबिन बसवताना

द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी करताना औषधाचा तुषार चालकाच्या अंगावर येतो, म्हणून लहान ट्रॅक्टरला केबिन बसवून घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काचेआड बसलो म्हणजे विषापासून सुटलो, हा समज घातक होय. ईएन १५६९५ हे युरोपीय मानक केबिनचे ४ वर्ग करते. त्यांपैकी पहिला कसलेच संरक्षण देत नाही, दुसरा निव्वळ धूळ अडवतो, तिसरा तुषारही थोपवतो, आणि बाष्पापासून रक्षण करतो तो केवळ चौथा. सबब वर्गाची लेखी हमी घेतल्यावाचून सौदा करू नये. ट्रॅक्टर उलटल्यास जीव वाचवणारी मूळची पोलादी कमान, जी स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली, तिला केबिनच्या सोयीसाठी भोक पाडणे वा वेल्डिंग करणे सर्वथा वर्ज्य मानावे. केबिनच्या वजनाने गुरुत्वमध्य वर सरकतो, हे उतारावर विसरू नये. बसवल्यावर रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहावे: क्लच-ब्रेकच्या पेडलांभोवती जेथून उजेड झिरपतो, तेथूनच औषधही आत शिरते, म्हणून तेथील फट रबरी पट्टीने बुजवावी.