पंखांची हप्तेबंदी

पूर्ण वाढलेले पीस निर्जीव केराटिनाचे असल्यामुळे त्याची दुरुस्ती होत नाही, बदलीच करावी लागते. आणि ऊन, वारा व वाळू यांनी झिजलेली उड्डाणपिसे बदलताना समुद्रपक्ष्यांनी परस्परविरोधी मार्ग पत्करले आहेत.

मिडवे बेटावरील लेसन अल्बट्रॉसच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडे १० मोठी पिसे असतात. परंतु एकुलत्या पिल्लाच्या दीर्घ संगोपनातून उरलेल्या अल्प मुदतीत ती सर्व वाढवणे अशक्य असल्याने काही यंदा, उरलेली पुढे, अशी हप्तेबंदी तो करतो. आणि जीर्ण पीस गळताच त्याच जागी रक्ताने भरलेल्या नळीत गुंडाळलेले कोवळे पीस डोके वर काढते.

उत्तर अटलांटिकातील गिलेमॉटाचे पंख मात्र देहभाराच्या मानाने इतके आखूड, की थोडी पिसे गळताच उड्डाण दुष्कर व्हावे; म्हणून ती सर्व जवळजवळ एकदमच टाकून तो कित्येक आठवडे समुद्रावरच राहतो. त्याच सुमारास कड्यावरून झेपावलेले, अद्याप उडता न येणारे पिल्लू पित्यासोबत पोहत असते, आणि पिसे गळालेल्या पंखांनी पाणी कापीत पिता त्याच्यासाठी मासे आणतो. आकाश गहाण ठेवून अपत्य सांभाळणाऱ्या या जीवाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.