जवाचा चोथा

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला महसूल दिसतो, दुसऱ्याला उद्ध्वस्त झालेले संसार. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. बिअरच्या कारखान्यातून बाटलीखेरीज आणखीही काही बाहेर पडते, एवढ्याकडेच वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात त्यांची साखर उतरवून घेतली की मागे चोथा राहतो. शंभर लिटर बिअरमागे असा ओला चोथा सुमारे २० किलो निघतो. साखर गेली तरी धान्याचा कस त्यात उरतोच. वाळवलेल्या चोथ्यात निदान पाचवा हिस्सा प्रथिने असतात. मद्यार्क तयार होण्यापूर्वीच तो वेगळा होतो, तेव्हा गाईला दारू पाजल्याचे पाप कोणाच्या माथी येत नाही! युरोपात पिढ्यान्‌पिढ्या तो दुभत्या जनावरांना घातला जातो.

आंबवणीनंतर तळाशी उरणाऱ्या यीस्टची कथा तर मुंबईशी निगडित आहे. इंग्लंडमधील बर्टन येथे १९०२ पासून या यीस्टचा ‘मार्माइट’ नावाचा काळपट, खारट लगदा तयार होऊ लागला. १९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. हा स्वस्त लगदा पोटात गेल्यावर त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. आज गरोदर स्त्रियांना त्याच्याच गोळ्या दिल्या जातात.

अडचण आहे ती चोथ्याच्या ओलाव्याची. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते. काजूच्या मोसमात भट्टीशेजारी कुजणाऱ्या बोंडांचा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आपल्या दमट हवेत त्याचे काय होते ते सांगावयास नको. दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते, आणि बुरसलेला चोथा जनावराला बाधतो. म्हणून तो ताजाच गोठ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर दाबून, वाळवून ठेवला पाहिजे. वाळवण्याला इंधन लागते. गावोगावच्या दूध संस्थांनी पहाटे टेम्पो धाडणे त्याहून स्वस्त पडेल. अबकारी खाते बिअरच्या लिटरा-लिटराचा हिशेब ठेवते. त्याच वहीत चोथ्याचाही एक रकाना आखावा, आणि तो कोणत्या गोठ्यात गेला याची नोंद कारखान्यांकडून मागावी, अशी आमची सूचना आहे.