औंढ्याच्या यंत्रातली नावं

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मंजुरी दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना अंतिम मान्यता मिळाली. बातम्यांत येतात त्या तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. मला कौतुक आहे ते त्या भुजा ताळ्यावर ठेवणाऱ्या संगणकांचं.

औंढ्याचं यंत्र अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगोंच्याच आराखड्यावरचं. तिथे चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात आणि नियंत्रणाचा प्रोग्राम सेकंदाला १६,३८४ वेळा मोजमाप वाचून दुरुस्ती पाठवतो. एका फेरीला जेमतेम ६१ मायक्रोसेकंद. संगणक चालवणाऱ्या लिनक्सने मध्येच दुसरं काम काढलं तर फेरी चुकणार. म्हणून प्रोसेसरचा एक कोअर लिनक्सच्या हातातून काढूनच घेतात. त्यावर हा एकच प्रोग्राम चालतो.

असं काम करायचं तर लिनक्सच्या पोटात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरावं लागतं, आणि तिथे नावं फार छळतात. संगणक सुरू करणाऱ्या बूट कोडचंच बघा. इंटेलच्या जातीचा प्रोसेसर सुरू होतो तो १९७८ च्या ८०८६ सारखा, सोळा बिटांच्या ‘रिअल मोड’मध्ये. मेमरी किती, स्क्रीन कोणता, कर्नलला कोणत्या सूचना द्यायच्या, ही माहिती सुरुवातीलाच एका जागी भरून पुढे दिली जाते. मुख्य कर्नलमध्ये या माहितीचं नाव ‘बूट_पॅरॅम्स’. पण कर्नल उलगडणाऱ्या आधीच्या कोडमध्ये त्याच माहितीच्या पॉइंटरला ‘रिअल_मोड’ म्हणत. नवखा वाचणारा समजायचा, हा प्रोसेसरच्या अवस्थेचा झेंडा असेल. २०१६ मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या कीस कुक यांनी ते नाव बदलून दोन्हीकडे ‘बूट_पॅरॅम्स’ केलं. यंत्राच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. फरक पडला तो वाचणाऱ्याला.

असा बदल वेगळाच ठेवावा, त्यात दुसरी कसलीही दुरुस्ती मिसळू नये. आधीचा आणि नंतरचा तयार मशीन कोड शेजारी ठेवून ताडून बघता येतो: तो जुळला, तर फक्त नावच बदललंय याची खात्री. बूट होतानाची चूक पडद्यावर एक अक्षरही न उमटवता यंत्र थांबवू शकते, म्हणून इथे ही शिस्त जास्तच हवी.

लायगोने वरच्या थरात नावांची शिस्त पाळली आहे. प्रत्येक सिग्नलच्या नावात आधी वेधशाळा, मग उपयंत्रणा, मग नेमका भाग. हॅनफर्डचं नाव ‘एच१’ने सुरू होतं, लिव्हिंग्स्टनचं ‘एल१’ने, ‘ईटीएमएक्स’ म्हणजे एक्स भुजेच्या टोकाचा आरसा. हॅनफर्डला शिकलेला माणूस लिव्हिंग्स्टनच्या पडद्यासमोर बसला तरी अडत नाही. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये औंढ्यासाठी ‘ए१’ हा संकेत आलाही आहे. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी त्यामागचा कोड आतापासूनच वाचायला घ्यावा. लायगोचा बराचसा कोड खुला आहे.