रेडिओ केंद्राचे संगीत-स्वरूप

रेडिओ केंद्र कोणत्या प्रकारचे संगीत, कोणत्या श्रोत्यांसाठी, किती वारंवार आणि कशा निवेदनासह प्रक्षेपित करते, या सर्वांच्या ठरीव चौकटीस त्या केंद्राचे संगीत-स्वरूप किंवा रूढ शब्दांत फॉरमॅट असे म्हणतात. ही संकल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आकारास आली आणि व्यापारी रेडिओबरोबर जगभर पसरली. संगीत-स्वरूप आणि संगीतप्रकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठुमरी हा संगीतप्रकार आहे. चोवीस तास केवळ ठुमरी-दादरा ऐकवणारे केंद्र कोणी काढल्यास ते त्या केंद्राचे स्वरूप होईल. याउलट ‘प्रौढांसाठी समकालीन’ या नावाचा संगीतप्रकार संगीतशास्त्रात कोठेही आढळत नाही, पण त्या नावाचे स्वरूप अमेरिकेत अनेक दशके लोकप्रिय आहे. स्वरूपाचे नाव गाण्यापेक्षा ऐकणाऱ्याचे वय, लिंग आणि खरेदीची ऐपत यांच्याकडे अधिक बोट दाखवते.

खंड-कार्यक्रम आणि स्वरूप

स्वरूपाची कल्पना रुजण्यापूर्वी जगातील बहुतेक केंद्रे दिवसाचे खंड पाडून कार्यक्रम करीत असत. सकाळी भक्तिसंगीत, मग बातम्या, दुपारी स्त्रियांसाठी कार्यक्रम, सायंकाळी शेतीविषयक माहिती, रात्री शास्त्रीय गायन किंवा श्रुतिका अशी ती मांडणी असे. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पुणे केंद्राने १९५५ साली सुरू केलेले, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ हे खंड-कार्यक्रमाचे मराठीतील सर्वोत्तम उदाहरण मानता येईल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी नवे गीत येई आणि श्रोते त्या वेळेची वाट पाहत. येथे श्रोता कार्यक्रमाकडे येतो.

स्वरूप-पद्धतीत हे नाते उलटे होते. श्रोता केव्हाही रेडिओ लावील आणि केव्हाही बंद करील हे गृहीत धरलेले असते. त्याने ज्या क्षणी रेडिओ लावला त्या क्षणी त्याला अपेक्षित असलेलेच काही कानी पडले पाहिजे, ही मुख्य अट. त्यामुळे सकाळ आणि रात्र यांत फारसा फरक उरत नाही. केंद्र हे विविध कार्यक्रमांचे संमेलन न राहता एकाच लांबलचक कार्यक्रमासारखे होते.

उगम

ध्वनिमुद्रिका वाजवून मधूनमधून बोलणारा निवेदक अमेरिकेत तिसऱ्या-चौथ्या दशकातच दिसू लागला होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू केंद्रावर मार्टिन ब्लॉक यांचा ‘मेक बिलिव्ह बॉलरूम’ हा कार्यक्रम १९३५ मध्ये सुरू झाला, तो याच जातीचा. परंतु तो कार्यक्रमच होता, केंद्राचे स्वरूप नव्हे. खरा बदल दूरचित्रवाणीने घडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर नाटके, मालिका, विनोदी कार्यक्रम आणि त्यांचे जाहिरातदार दूरचित्रवाणीकडे वळले. रेडिओजवळ उरले ते संगीत, बातम्या आणि स्थानिक जाहिराती. ध्वनिमुद्रिका वाजवणे हा त्यांतील सर्वांत स्वस्त मार्ग होता. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओने आणि मोटारीतील रेडिओने श्रोत्याला दिवाणखान्यातून बाहेर काढले, आणि तो एकटा, काम करता करता ऐकू लागला.

या पार्श्वभूमीवर ओमाहा शहरातील केओडब्ल्यूएच केंद्राचे टॉड स्टॉर्झ यांनी ‘टॉप फॉर्टी’ हे स्वरूप घडवले. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. स्टॉर्झ आणि त्यांचे सहकारी एका मद्यगृहात बसले असता गिऱ्हाइके ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून दिवसभर तीच ती गाणी लावीत होती; आणि गिऱ्हाइके गेल्यावर, दिवसभर तेच ऐकून कंटाळली असावी अशी वाढपी मुलगी स्वतःच्या पैशांनी पुन्हा तेच गाणे लावून बसली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला निष्कर्ष स्टॉर्झ यांनी व्यवहारात आणला: लोकांना आवडलेली थोडी गाणी पुन:पुन्हा ऐकायची असतात. डॅलस येथील केएलआयएफ केंद्राचे गॉर्डन मॅक्लेंडन यांनी त्याला नाममुद्रेच्या सुरावटी, स्पर्धा आणि चटपटीत बातम्यांची जोड दिली. पुढे १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्रावर बिल ड्रेक यांनी निवेदकाचे बोलणे आणखी छाटले आणि यादी तीस गाण्यांवर आणली. निवेदकाने दोन गाण्यांच्या मध्ये किती सेकंद बोलावे हेही आता वरून ठरू लागले.

तासाचे चक्र

स्वरूप प्रत्यक्षात कसे चालते हे समजण्यासाठी तासाचे चक्र पाहावे लागते. घड्याळाच्या तबकडीसारखे एक वर्तुळ काढून त्याचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागात काय वाजेल ते लिहितात. गाण्यांचे साधारण तीन वर्ग असतात: सध्या जोरात असलेली गाणी, काही महिन्यांपूर्वी गाजून आता मागे सरलेली गाणी, आणि जुनी, पण कायम मागणी असलेली गाणी. पहिल्या वर्गात गाणी मोजकीच असल्याने तेच गाणे दोन-तीन तासांत परत येते. तिसऱ्या वर्गात शेकडो गाणी असल्याने एखाद्याची पाळी कित्येक दिवसांनी येते. त्याखेरीज एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन संथ गाणी शेजारी नकोत, कालच्या सकाळचे गाणे आज त्याच वेळी नको, असे नियम असतात. पूर्वी हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर होई. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते संगणकाकडे गेले.

जाहिराती कोठे घालाव्यात हेही या चक्रावरच ठरते, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. अमेरिकेत श्रोतृसंख्या पाव तासाच्या मापाने मोजण्याची प्रथा पडली. अनेक दशके नियम असा होता, की पाव तासात किमान पाच मिनिटे ऐकले तर तो सबंध पाव तास केंद्राच्या खात्यावर जमा होई. म्हणून श्रोता कंटाळून निघून जाण्याचा धोका असलेली जाहिरात अशा ठिकाणी ठेवतात की तोवर चालू पाव तास पदरात पडलेला असावा, आणि पाव तास बदलताना गाणे चालू असावे, म्हणजे पुढचाही मिळावा. सामान्य श्रोत्याला योगायोग वाटणारी ही रचना पूर्णपणे हिशेबी असते.

कोणते गाणे कोणत्या वर्गात जाईल, हे निवेदकाच्या आवडीवर सोडलेले नसते. गाण्याचा सर्वांत ओळखीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा दूरध्वनीवरून किंवा सभागृहात जमवलेल्या श्रोत्यांना ऐकवून त्यांची पसंती, परिचय आणि कंटाळा मोजला जातो. ज्या गाण्याचे सौंदर्य सावकाश उलगडते ते या परीक्षेत नापास होण्याचीच शक्यता अधिक. या पद्धतीवरील सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे.

लाचेचे प्रकरण

याद्या लहान झाल्या तसे यादीत शिरण्याचे मोल वाढले. ध्वनिमुद्रिका कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे देऊन गाणी वाजवून घेत, हे १९५९-६० च्या चौकशीत उघड झाले. ‘रॉक अँड रोल’ लोकप्रिय करणारे निवेदक ॲलन फ्रीड यांची कारकीर्द त्यात संपुष्टात आली. १९६० च्या कायदादुरुस्तीने श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणे हा गुन्हा ठरला. त्याचा अप्रत्यक्ष परिणाम असा झाला, की गाणी निवडण्याचा अधिकार निवेदकाकडून केंद्राच्या कार्यक्रम-प्रमुखाकडे गेला आणि स्वरूपाची पकड अधिकच घट्ट झाली.

प्रमुख स्वरूपे

‘टॉप फॉर्टी’चा वारसा पुढे ‘समकालीन लोकप्रिय’ या स्वरूपाने चालवला. किशोर आणि तरुण हा त्याचा श्रोता. ‘प्रौढांसाठी समकालीन’ हे साधारण पंचविशीपुढील श्रोत्यांसाठीचे सौम्य स्वरूप असून कार्यालये आणि दुकाने यांत ते पार्श्वसंगीतासारखे चालते. ‘कंट्री’ची मुळे नॅशव्हिल येथे १९२५ पासून चालणाऱ्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमापर्यंत जातात, परंतु पूर्णवेळ कंट्री केंद्रे पुष्कळ नंतरची. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८-४९ मध्ये कृष्णवर्णीय निवेदक आणि त्यांच्या समाजाचे संगीत यांना संपूर्ण वेळ दिला. केंद्राचे मालक मात्र गोरे होते. आजच्या ‘अर्बन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वरूपांचा तो आरंभ म्हणता येईल.

रॉकची कथा थोडी वेगळी आहे. एफएम लहरींवर मध्यम लहरींचेच कार्यक्रम दुसऱ्यांदा प्रक्षेपित करण्यावर १९६० च्या दशकाच्या मध्यास मोठ्या शहरांत मर्यादा आली आणि एफएमला स्वतःचे काही शोधावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये निवेदकाला मनमुराद निवड करू देणारे मुक्त प्रक्षेपण सुरू केले. तबकड्यांच्या संपूर्ण बाजू, लांबलचक रचना, ब्लूजपासून भारतीय सतारीपर्यंत काहीही तेथे ऐकू येई. काही वर्षांतच सल्लागारांनी त्याला याद्या आणि चक्रे लावून ‘अल्बम-प्रधान रॉक’ असे नवे स्वरूप बनवले. स्वरूपाविरुद्ध उठलेल्या बंडाचेही स्वरूपच झाले.

स्वरूपबदल आणि श्रोत्यांचा दावा

केंद्राने स्वरूप बदलले तर श्रोत्याचा काही हक्क आहे काय, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिकागोचे डब्ल्यूईएफएम हे अभिजात संगीताचे जुने केंद्र विकले जाऊन तेथे रॉक सुरू होणार असे कळल्यावर श्रोत्यांनी समिती स्थापन केली. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने, दुर्मीळ स्वरूप नाहीसे होत असेल तर नियामक आयोगाने सुनावणी घेतली पाहिजे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन केंद्रानेही अभिजात संगीत सोडून रॉक धरले. तेथील श्रोत्यांच्या संघटनेने झुंज दिली आणि १९७५ मध्ये नव्या मालकाच्या हाती अभिजात संगीत परत आले. आयोगाचे म्हणणे मात्र असे, की स्वरूपांची विविधता बाजारावर सोडावी. सरकारी अधिकाऱ्याने कोणते संगीत लोकहिताचे हे ठरवू नये. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. ज्या संघटनेच्या नावाने हा खटला ओळखला जातो, तिच्या त्या केंद्राने डिसेंबर १९९३ मध्ये पुन्हा रॉक स्वरूप घेतले, आणि तेव्हा दाद मागण्याची ही वाट बंद झालेली होती.

बाजार विविधता आणतो काय, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्येच सूचकपणे दिले होते. त्यांचा युक्तिवाद आपल्याकडील उदाहरणाने असा मांडता येईल. एका शहरात १०० श्रोते असून ८४ जणांना नवी चित्रपटगीते आणि १६ जणांना शास्त्रीय संगीत हवे आहे. पहिले केंद्र अर्थातच चित्रपटगीते लावील. दुसरेही तेच लावील, कारण ८४ चे निम्मे म्हणजे ४२ हे १६ पेक्षा कितीतरी जास्त. तिसऱ्याला २८ मिळतील, चौथ्याला २१, पाचव्याला १६.८. सहावे केंद्र आले तरच, १४ पेक्षा १६ बरे, म्हणून ते शास्त्रीय संगीताकडे वळेल. याउलट सर्व केंद्रे एकाच मालकाची असती तर स्वतःशीच स्पर्धा करण्यात अर्थ नसल्याने त्याने दुसरेच केंद्र शास्त्रीय संगीताला दिले असते. एकाधिकाराचे इतर तोटे कोणी नाकारणार नाही. पण स्पर्धा आणि विविधता हे समानार्थी शब्द नाहीत, एवढे या गणितावरून स्पष्ट होते.

ब्रिटन आणि भारत

ब्रिटनमध्ये हे काम बराच काळ सार्वजनिक संस्थेनेच केले. रेडिओ कॅरोलाइनसारख्या समुद्रातील जहाजांवरून चालणाऱ्या बेकायदा केंद्रांनी तरुण श्रोते खेचल्यावर बीबीसीने ३० सप्टेंबर १९६७ रोजी पॉप संगीतासाठी रेडिओ वन सुरू केले आणि जुन्या सेवांना रेडिओ टू, थ्री व फोर अशी नावे दिली. हलके संगीत, अभिजात संगीत आणि वाक्-प्रधान कार्यक्रम यांची विभागणी एकाच संस्थेच्या छत्राखाली झाली. स्टायनर यांच्या गणिताशी हे जुळते.

भारतात जहाजाची भूमिका श्रीलंकेने बजावली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (कार्यकाल १९५२ ते १९६२) यांनी शास्त्रीय संगीताला अग्रस्थान देऊन आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन ही त्याच धोरणाची मोलाची फळे होत. परंतु चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला, आणि अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी ऐकण्याची सवय भारतीय श्रोत्याला तिनेच लावली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथून तिच्यावर जाहिराती आल्या. विविध भारती ही स्वरूप आणि खंड-कार्यक्रम यांच्या सीमेवर उभी आहे. सबंध वाहिनीचा रंग चित्रपटसंगीताचा. पण ‘भूले बिसरे गीत’ सकाळी, ‘छायागीत’ रात्री, सैनिकांसाठी ‘जयमाला’, आणि ‘संगीत सरिता’त रागांची ओळख, अशी वेळांची शिस्त तिने सोडली नाही.

खासगी एफएमचे पहिले केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे सुरू झाले. लिलावातील चढ्या बोली आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे परवाना शुल्क यांमुळे पहिल्या टप्प्यातील अनेकांना व्यवसाय झेपला नाही. २००५ मधील दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि वार्षिक उत्पन्नाचा ४ टक्के वाटा अशी पद्धत आली. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असल्याने केंद्रांजवळ संगीत आणि गप्पा एवढेच उरले आणि खर्च भरून काढण्यासाठी बहुतेकांनी नवी हिंदी चित्रपटगीते हेच एक स्वरूप धरले. महाराष्ट्रातील शहरांतही मराठी गाणी खासगी वाहिन्यांवर तुलनेने कमी ऐकू येतात, याचे मूळ श्रोत्यांच्या नावडीपेक्षा वर दिलेल्या गणितात अधिक शोधावे लागेल. तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने एका शहरात एकाच कंपनीला, ठरावीक मर्यादेत, एकाहून अधिक वाहिन्या घेण्याची मुभा दिली. त्यानंतर काही ठिकाणी एक वाहिनी नव्या आणि दुसरी जुन्या गाण्यांची अशी विभागणी झालेली दिसते.

सूक्ष्म स्वरूपांचा भारतातील मोठा प्रयोग वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओने केला. वर्गणी भरणाऱ्या श्रोत्याला जाहिरातींविना हिंदुस्थानी संगीतासाठी ‘गांधर्व’, कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’ आणि जुन्या हिंदी गीतांसाठी ‘फरिश्ता’ अशा स्वतंत्र वाहिन्या मिळत. मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाल्याने ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील ही सेवा थांबली आणि खास तिच्यासाठी घेतलेले रेडिओसंच निरुपयोगी झाले. शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘रागम’ ही आकाशवाणीची चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे. ती उपग्रहाद्वारे आणि भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे ऐकता येते.