मे महिन्यात भरलेली हवा

पहाटे 5. श्रीरामपुरात मे महिन्यात गारवा मिळतो तो एवढाच वेळ. शटर वर केलं की आधी भिंतीवरचा थर्मामीटर बघतो. 26 अंश. वहीत दिवसाचा पहिला आकडा हाच. मग कंप्रेसरमधलं तेल, पट्ट्याचा ताण आणि छताच्या वर नेलेलं सक्शन पाइपचं तोंड. शेड रस्त्याला लागून आहे. हे तोंड खाली ठेवलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरचा धूर थेट सिलिंडरात जाईल आणि तिथून कुणाच्या तरी छातीत.

मशीन तसं छोटंच. तीन स्टेजचं, मिनिटाला 100 लिटर हवा ओढून ती 300 बारपर्यंत दाबणारं. कारखान्यांतले आणि आग विझवणारे लोक पाठीला लावून आत शिरतात त्या श्वसनयंत्रांचे, म्हणजे बीए सेटचे, सिलिंडर यावर भरतो. 6 लिटरचा सिलिंडर रिकामा आला, तर वीसेक मिनिटं लागतात.

5.45. मशीन पूर्ण दाबावर आलं. तिन्ही हेडच्या बोल्टांखाली थर्मोकपलच्या वॉशर बसवल्या आहेत. दुसऱ्या हेडवर 112. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर टेम्परेचर गन धरली : 38. या पाइपवर बोटभर काळी टेप चिकटवलेली आहे आणि गन फक्त तिच्यावरच धरायची. चकचकीत स्टीलवर धरली, तर गन पाइपाचं तापमान सोडून समोरच्या भिंतीचंच दाखवते आणि आकडा खूप कमी येतो. नवीन पोराला मी पहिल्या दिवशी हेच दाखवतो : टेपवर धर, मग टेपशेजारी धर, आणि दोन्ही आकडे लिही. नंतर सांगायची गरज पडत नाही.

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसंच इथे होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणात. तीन टप्प्यांत 300 बार गाठायचे म्हणजे प्रत्येक टप्प्यात हवा साडेसहा-सात पट दाबायची. मधे कूलर नसते, पंखा नसता, तर तेल जळून गेलं असतं. पिस्टनला लावलेलं तेल जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून मी नाकावर विसंबत नाही, तापमानावर विसंबतो.

7. पहिले सिलिंडर भरून गार करायच्या पाण्याच्या टाकीबाहेर मांडले. दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रेन कॉक उघडायचा. फस्सकन पांढुरकं, दुधाळ पाणी डब्यात पडतं. तेल मिसळल्यामुळे ते तसं दिसतं. ते दुधाळ आहे तोवर ठीक. तपकिरी झालं आणि करपल्याचा वास आला, तर आधी मशीन बंद, चौकशी नंतर.

8.30. एका कारखान्याच्या सेफ्टी विभागाचे भाऊ सिलिंडर घेऊन टेम्पोतून उतरले. गळीत हंगाम आटोपला की टाक्या धुवायला काढतात, त्यामुळे आमच्याकडची खरी गर्दी ऐन उन्हाळ्यात. हा सगळा टापू उसाचा. टिळकनगरचा उद्योग 1933चा, तर प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950चा. साखरेमागून मळी आली, मळीमागून डिस्टिलऱ्या. मळी आंबवण्याच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून टाकी रिकामी दिसली तरी तळाशी बसून राहतो. आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला तसाच उतरलेला दुसराही. माणूस टाकीत उतरवायचा तर पाठीला भरलेला सिलिंडर आणि वर दोर धरून उभा असलेला जोडीदार हवाच, याबाबत मी कुणाशी तडजोड करत नाही.

11. बाहेर 37. दुसरं हेड 123, पाइप 49. नुसते हे आकडे बघितले तर भीती वाटेल. पण मी वहीत तिसरा रकाना ठेवला आहे : बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त. सकाळी 86, आताही 86. म्हणजे मशीन निरोगी आहे, तापलंय ते श्रीरामपूर.

तरीही 11 नंतर मी भरणं थांबवतो, आणि त्याला कारण पाणी. पाइपवरच्या सकाळच्या 38 अंशांना एका घनमीटरात सुमारे 46 ग्रॅम वाफ मावते, ऐन दुपारच्या 51 अंशांना 87. दुपारी फिल्टरवर जवळपास दुप्पट पाणी येऊन पडतं. फिल्टरमधला कोळसा तेलाचा वास धरतो, कार्बन मोनॉक्साइड धरत नाही. त्याला हॉपकलाइट लागतं, आणि हॉपकलाइट ओलं झालं की काम सोडतं. एकातून एक असं हे प्रकरण आहे. कार्ट्रिजवर लिहिलेले तास गार देशातल्या हवेचे असतात. आपल्या मे महिन्यात तेवढे तास ते चालवणं मला मान्य नाही.

1. लाईट आली. सकाळपासून पुढच्या चौकात तारांचं काम चालू होतं, अकराच्या सुमारास पुरवठा बंद झाला होता. अशा कामानंतर मी मशीन लोडवर कधीच चालू करत नाही. एकच झटका द्यायचा आणि पंख्यावरचा बाण बघायचा. आज फिरणं उलटं होतं. दोन फेज अदलाबदल होऊन आल्या होत्या. उलटा फिरणारा पंखा कूलरवर वारा टाकत नाही आणि गेजवरचा दाब मात्र चढतच राहतो. स्टार्टरमधल्या दोन वायरी बदलून पुन्हा झटका दिला. बाण बरोबर.

2. भाऊंचा फोन. "दादा, उरलेले आजच द्या ना, टाकीवर माणसं बसून आहेत." सांगितलं, भाऊ, संध्याकाळी सहा सिलिंडर देतो, बाकीचे सकाळी. गरम असताना 300 वर भरलेला सिलिंडर गार होताच 275-280 वर उतरतो, आणि आतल्या माणसाच्या सेटची इशारा देणारी शिट्टी 50-60 बार उरले की वाजायला लागते. परतीच्या वेळेत ते वीस बार मोजावे लागतात. भाऊंना पटलं. ते टाकीवर काम केलेले आहेत.

5.30. बाहेर 36. पुन्हा सुरू. दुसरं हेड 137. वजाबाकी 101. सकाळच्या 86 पेक्षा पंधरा जास्त, आणि त्याला ऊन कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमधलं गेजही नेहमीपेक्षा वर. एक सिलिंडर भरायला तेवीस मिनिटं. तिन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवतात : तिसऱ्या स्टेजचा व्हॉल्व्ह गळतोय, हवा मागे येते आणि तिचा भार दुसरीवर पडतो. मशीन बंद केलं.

7.15. हात लावण्याइतकं गार झाल्यावर हेड खोललं. व्हॉल्व्ह प्लेटच्या कडेला नखाएवढी काळी, कडक खपली बसली होती. पत्ती बोटाने दाबली, तर एका बाजूने बसत नव्हती. घासूनही चालली असती कदाचित. मी नवीन बसवली, गॅस्केट बदललं, तेलही बदललं.

8.30. दाबावर अर्धा तास चालवलं. बाहेर 33, हेड 120, वजाबाकी 87. सकाळच्या आकड्याला लागून. आज दिवसभर भरलेल्यांपैकी साडेपाचनंतरचे जे होते, ते सगळे बाहेर सोडून रिकामे केले. भाऊंना फोन करून सांगितलं की संध्याकाळचे सहाही आता सकाळीच मिळतील. उद्या शटर साडेचारला.